चुलत्यांची वही, लोखंडी आकडा आणि थरची वाळू

निपाणीकडच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याचे दिवंगत चुलते सत्तरच्या दशकात एका संस्थेच्या पथकाबरोबर राजस्थानच्या वाळवंटात साप गोळा करायला जात असत आणि "एका रात्रीत चाळीस-पन्नास साप पिशवीत पडायचे" असे घरी सांगत. त्यांच्या मागे साप उचलायचा एक लोखंडी आकडा आणि पुठ्ठ्याची एक वही राहिली आहे. येत्या श्रावणात दोन मित्रांना घेऊन जैसलमेरला जावे, साप पकडावेत, त्यांचे चित्रीकरण करावे आणि तिथेच सोडून द्यावेत, असा या तरुणाचा बेत आहे. महिना बरोबर आहे का, साधने कोणती न्यावीत आणि पूर्वीइतके साप आजही मिळतील का, हे त्याला हवे आहे.

मी बेळगावचा. १९७८ ते १९८४ या काळात विषाच्या अभ्यासासाठी साप जमवणाऱ्या एका पथकाचा साहाय्यक म्हणून मी पाच वेळा थरमध्ये, म्हणजे राजस्थानच्या त्या वाळवंटात, गेलो आणि पुढची तीसेक वर्षे महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून शहापूर-वडगावपासून खानापूरपर्यंतच्या घरांत शिरलेले साप काढण्याचे काम केले. तुमचा प्रश्न वाचून हसू आले आणि थोडी धास्तीही वाटली, कारण तसाच एक आकडा माझ्याही माळ्यावर पडून आहे. तुम्ही साधनांबद्दल विचारले आहे. पण त्याच्या आड खरा प्रश्न वेगळाच असावा, असे मला वाटते. चुलते तिकडे नेमके करत काय होते आणि त्यांतले आज आपल्याला काय करता येईल, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. त्याच अंगाने उत्तर देतो.

आधी अप्रिय भाग उरकून घेऊ. पकडून सोडून देण्याचा बेत रद्द करा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच प्राणी पकडणे आणि पकडण्याचा प्रयत्न करणे हेही येते, त्यामुळे साप मारला नाही, चित्रीकरण करून सोडला, ही सबब तिथे चालत नाही. उलट तुमचे चित्रीकरण हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. आमच्या वेळीही हा कायदा होताच. पथकप्रमुखांच्या चामडी पिशवीत मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी असे आणि कोणत्या जातीचे किती साप, कोणत्या भागातून आणि किती मुदतीत घ्यायचे, हे तिच्यात नमूद असे. सरहद्दीकडच्या पट्ट्यात फिरायला आणखी वेगळी परवानगी लागे. एकदा पोखरणच्या पुढे एका चौकीवर शिपायाने कुठून आलात म्हणून विचारले, तेव्हा आमच्यातल्या येळ्ळूरच्या गड्याने सवयीने "सीमाभागातून" असे सांगून टाकले. बेळगाव हे गाव पाकिस्तानच्या बाजूला नसून कर्नाटकात आहे, हे पटवून देण्यात आमचा अर्धा दिवस गेला.

महिन्याचे म्हणाल, तर श्रावण चुकीचा नाही. पण तो बरोबर ठरेल की नाही, हे पावसावर अवलंबून आहे आणि तिकडचा पाऊस पंचांग पाहून येत नाही. जैसलमेरकडे वर्षभरात दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, तेवढा आपल्या कणकुंबीला जुलैच्या एका आठवड्यात सहज पडून जातो. पहिल्या दमदार सरीनंतरच्या चार-पाच रात्री सर्वांत चांगल्या. किडे, विंचू, गोमा, पाली आणि कुठून उगवतात कळत नाही असे बेडूक, सगळे एकदम बाहेर पडतात आणि त्यांच्या मागावर साप येतात. सर चुकली तर त्याच ठिकाणी त्याच महिन्यात तीन-तीन रात्री एकही साप दिसत नाही. मे-जूनमध्ये दुपारची वाळू पायताणातूनही पोळते आणि साप मध्यरात्रीनंतरच बाहेर येतात. थंडीत ते बिळांत इतके खोल जातात की जाणे व्यर्थ. संध्याकाळी वारा पडला पाहिजे, हीही एक अट असे. लख्ख चांदण्यात आम्हाला साप कमी दिसत; म्हणून आमची तिकिटे नेहमी अमावास्येच्या आगेमागे काढली जात आणि त्यावरून घरातल्या वडीलधाऱ्यांशी दरवेळी वाद होई.

प्रवासाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी चुलत्यांच्या वहीत स्थानकांची नावे असतील म्हणून सांगतो. बेळगावाहून मिरजेपर्यंत तेव्हा मीटरगेज गाडी होती. मिरजेला गाडी बदलून पुणे, तिथून मुंबई, मुंबईहून अहमदाबाद आणि अहमदाबादेहून पुन्हा मीटरगेजने जोधपूर. इतके करून जोधपूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी जैसलमेरला उतरावे, तेव्हा ट्रंकेतल्या कपड्यांच्या घडीघडीत बारीक वाळू बसलेली असे.

आता चाळीस-पन्नास सापांची गोष्ट. चुलते खोटे बोलत नव्हते. पण पूर्ण सांगतही नव्हते, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते. आमच्या पथकाने स्वतः शोधलेल्या सापांचा एका रात्रीचा सर्वांत मोठा आकडा एकोणीस आहे आणि त्यांतली बारा नुकती जन्मलेली, बोटभर लांबीची फुरशी होती. फुरसे अंडी घालत नाही, पिले देते. पावसाळ्यात नेमक्या जागी गेलात तर आकडा असा फुगतो. आणि मुख्य म्हणजे बहुतेक साप आम्ही पकडतच नसू. ते लोक आणून देत. ढाणीत, म्हणजे तिकडच्या चार-सहा झोपड्यांच्या वस्तीत, मुक्काम पडला आणि सापामागे अमुक पैसे मिळतात हे कळले की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मडकी आणि गाठोडी घेऊन माणसे उभी असत. कालबेलिया, म्हणजे तिकडचे गारुडी लोकही येत; त्यांचा हात या कामात आमच्यापेक्षा कितीतरी तयार होता, पण त्यांच्याकडच्या नागांचे दात पुष्कळदा आधीच काढलेले असत आणि विषासाठी त्यांचा काहीच उपयोग नसे. गाठोड्यातून आलेल्या सापाचे दुसरे दुखणे असे की, तो नेमका कुठे सापडला, हे आणणारा माणूस कधीच नीट सांगत नसे. "अठै ही" म्हणजे इथेच, एवढेच उत्तर. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे आणि लोक सापांचे ढीग आणून टाकत. पैसे मोजले की साप येतात, हा अनुभव कोकणातही जुनाच आहे.

पथकाचा मुख्य शोध होता फुरशाचा. मारवाडी लोक त्याला बांडी म्हणतात. आपले रत्नागिरीचे, किंवा गोकाक-सौंदत्तीच्या दगडाळ माळावरचे फुरसे साधारण हातभर असते. तिकडचे त्याच्याहून दांडगे, दीड-दोन फुटांपर्यंत भरते आणि रंगाने वाळूत मिसळून जाते. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज काढते. त्याच्या कुशीवरच्या तिरप्या खवल्यांवरच्या उंचट कडेला खरोखरच दाते असतात. या आवाजाचा आम्हाला फार उपयोग झाला असता. पण पहिल्या वर्षी आम्ही पेट्रोमॅक्स घेऊन फिरत होतो आणि त्याच्या फुसफुसाटात फुरशाची खरखर ऐकूच येत नसे. तीन रात्री असा मूर्खपणा केल्यावर आम्ही बत्ती ढाणीत ठेवली आणि चार सेलचे टॉर्च घेतले. टॉर्च डोक्याच्या उंचीवर धरला तर वाळू सपाट दिसते. कमरेच्या खाली, जमिनीला जवळजवळ समांतर धरला तर प्रत्येक खुणेची सावली पडते. टॉर्चच्या उजेडात लांबून जे डोळे हिरवे-निळे चमकतात ते बहुधा कोळ्यांचे असतात. सापाच्या डोळ्यांची वाट पाहू नये.

साप शोधायला मला पथकप्रमुखांनी शिकवले नाही, एका पागीने शिकवले. पागी म्हणजे पावलांचा माग काढणारा. चोरीला गेलेला उंट हुडकून देणे हा त्यांचा पिढीजात धंदा. हा गृहस्थ साठीच्या पुढचा होता, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि तरी रात्री आमच्या पुढे चालत असे. एका पहाटे, चार वाजले असतील, तो "थमो सा" म्हणून थांबला. वाळूवर एकमेकींपासून तुटक, तिरप्या, साधारण वीतभर लांबीच्या रेघा एकामागे एक पडलेल्या होत्या. प्रत्येक रेघेचे एक टोक किंचित वळलेले. बांडी आडवी सरकत जाते, अंग उचलून टाकत जाते, म्हणून तिची खूण अशी सुट्या रेघांची उमटते. ही खूण मला ओळखता येत होती. ती केव्हाची, हे मात्र येत नव्हते. त्याने काठीच्या टोकाने त्या खुणेशेजारीच एक ताजी रेघ ओढली आणि मला टॉर्च जमिनीलगत धरायला लावला. ताज्या रेघेची कड धारदार होती. सापाच्या रेघांची कडही जवळजवळ तशीच होती. पण तिसऱ्या रेघेवरून एका काळ्या भुंगेऱ्याची बारीक टाचणीसारखी पावले आडवी गेलेली होती. भुंगेरे मध्यरात्रीनंतर थंडाव्याला फिरायला लागतात, असे त्याचे म्हणणे. म्हणजे साप त्याच्या आधी गेला, आणि वारा तर अकराच्या सुमारास पडला होता, तेव्हा त्यानंतर. अकरा ते एक या वेळातला माग, असा त्याने निवाडा दिला.

माग चाळीसेक पावलांवर एका फोगच्या झुडपापाशी संपला. खुणा आत गेल्या होत्या, बाहेर आल्या नव्हत्या. मी आकडा पुढे केला, तर त्याने माझे मनगट धरले आणि बसायला सांगितले. आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने मला मुळाशी वाळूत रुपयाएवढा एक उंचवटा दिसला. त्यावर दोन ठिपके, ते डोळे. आणि त्यांच्या मधोमध फिकट बाणासारखी खूण, तिच्यावरही वाळूचे कण बसलेले. बाकी सगळा साप वाळूखाली. माझा उजवा पाय त्यापासून दीड हातावर होता. पागीने काठी टेकवली तेव्हा ते अंग वाळूतून झटकन वर आले, वेटोळ्यांचा आठ झाला आणि करवत सुरू झाली. त्या रात्रीनंतर मी झुडपापाशी आधी उकिडवा बसायचो, मग हात पुढे करायचो, आणि बेळगावात परतल्यावर लाकडाच्या ढिगापाशी किंवा न्हाणीघराच्या मोरीपाशीही तेच केले. एक जादा सूचना: बांडी झुडपावर चढतेसुद्धा, त्यामुळे नुसते खाली पाहून भागत नाही.

इतर सापांच्या खुणा थोडक्यात सांगतो. मांडुळाची खूण जाड, जवळजवळ सरळ, आणि मध्येच संपते. ते तिथेच वाळूत बुडालेले असते. राजस्थानात त्याला दुमुही म्हणतात आणि आपल्याकडे लाखो रुपयांच्या भूलथापांपायी त्याची जी चोरटी खरेदी-विक्री चालते, तिच्यापासून कृपा करून चार हात दूर राहा. वालुसर्पाच्या लाटा लांब आणि हलक्या असतात. तो दिवसा फिरतो आणि दिसला म्हणेपर्यंत नाहीसा होतो. नाग तिकडे पुष्कळदा काळेभोर असतात, त्यामुळे नवख्या माणसाला धामणच वाटते. नागमोडी खुणेत प्रत्येक वळणाच्या मागच्या बाजूला वाळूची बारीक वळी जमते. साप कुठल्या दिशेने गेला, ते तिच्यावरून कळते.

पीवण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवे. पश्चिम राजस्थानात लोक मानतात की, पीवणा नावाचा साप रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पितो, आणि माणूस सकाळपर्यंत मरतो. हा साप म्हणजे मण्यार, ज्याला आपल्या इथले कानडी शेजारी कट्टहावू म्हणतात. मण्यारीचे दात बारीक, दंश बहुधा न दुखणारा, जखम दिसेल न दिसेल अशी. आणि विष मज्जासंस्थेवर काम करते, त्यामुळे श्वास हळूहळू बंद पडतो. अंगावर दंशाची खूण सापडत नाही आणि माणूस श्वासावाचून जातो, हे पाहणाऱ्याने श्वास प्यायल्याची गोष्ट रचली तर त्याला हसण्यासारखे काही नाही; निरीक्षण चोख होते, कारण तेवढे चुकले. आम्ही तिकडे कधीही जमिनीवर झोपलो नाही. खाट आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, हा नियम. आपल्या चिक्कोडी-अथणी पट्ट्यात ऊसतोडीच्या खोपटांत माणसे भुईवर निजतात, तिथेही मी हेच सांगत आलो आहे.

साधनांपैकी आकडा तुमच्याकडे आहेच. पिशव्या आम्ही मांजरपाटाच्या शिवून घेत असू आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगत असू. पहिल्यांदा शहापुरातल्या शिंप्याला वाटले की आम्हाला उलट-सुलट कळत नाही. पण आतले सुटे धागे सापाच्या तोंडात आणि खवल्यांत अडकतात. पिशवीचे तोंड पिळायचे, दुमडायचे, मग नाडी बांधायची. भरलेली पिशवी अंगाला लागू द्यायची नाही, कारण फुरसे कापडातून चावते. पिशव्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. त्या डब्याला भोके पाडताना खिळा आतून बाहेर मारायचा, म्हणजे पत्र्याची धार बाहेर राहते. हे मी तुम्हाला सोबत न्यायला सांगत नाही. चुलत्यांच्या वहीत "पि.", "ड." अशी अक्षरे दिसली तर ती कशाची, एवढे कळावे.

माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक सापाच्या बाबतीत नव्हती, कागदाच्या बाबतीत होती. वाटेत मेलेले साप आम्ही फॉर्मलिन टोचून नंतर स्पिरिटच्या बरण्यांत ठेवत असू, आणि प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे. १९७९ साली त्या चिठ्ठ्या मी घाईत बॉलपेनने लिहिल्या. बेळगावात आल्यावर बरण्या उघडल्या तर स्पिरिट फिकट निळे झाले होते आणि चिठ्ठ्या कोऱ्या. अकरा साप होते. कोणता बाडमेरच्या बाजूचा, कोणता पोखरणचा, कोणता कोणी गाठोड्यातून आणलेला, काहीच सांगता येईना. पथकप्रमुख रागावले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. पेन्सिलीची अक्षरे स्पिरिटमध्ये जात नाहीत.

जागेच्या नोंदीचा आम्ही एवढा बाऊ का करत होतो, हे मला स्वतःला १९८१ मध्ये कळायला सुरुवात झाली. पिशवीची नाडी बांधताना आमच्या एका सोबत्याच्या अंगठ्याला बांडी चावली. ढाणीतल्या म्हाताऱ्याने खेजडीखालच्या गोगाजीच्या थानापाशी नेऊन त्याच्या दंडाला सैलसर दोरा बांधला; खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी, आणि गोगाजी हे तिकडचे सापांचे दैवत. दोरा सैल असल्यामुळे मी हरकत घेतली नाही. घट्ट आवळला असता तर सोडवला असता. जीपने इस्पितळ गाठायला तीन तास लागले. तिथल्या डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन ठेवले. अर्ध्या तासानेही ते पाण्यासारखे वाहत होते. फुरशाचे विष रक्तातली गोठण्याची सामग्रीच संपवून टाकते. प्रतिविष दिले, पुन्हा दिले, आणखी दिले. हिरड्यांतून झिरपणारे रक्त थांबायला चौथा दिवस उजाडला. अंगठा वाचला, पण तो आजही पूर्ण वाकत नाही. तेव्हा आम्ही समजलो की औषध जुने असावे.

त्याचे खरे कारण पुढे उमगले. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर घोड्यांच्या रक्तातून बनवतात. मद्रासजवळ १९७८ मध्ये इरुळा या आदिवासी जमातीतल्या सर्पपकड्यांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तिथून येऊ लागले. ते लोक परवान्याने साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा सोडतात. काम उत्तम; पण ते साप दक्षिणेतले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये राजस्थानातल्या फुरशाचे विष तपासून दाखवले की, बाजारातले प्रतिविष त्याच्यावर फारच कमी पडते. जात एक, पण प्रदेश बदलला की विष बदलते. म्हणून साप कोणत्या गावच्या शिवारातला, ही चिठ्ठीवरची एक ओळ सापाइतकीच मोलाची ठरते, आणि माझ्या त्या अकरा बरण्या कायमच्या निकामी ठरल्या.

तुम्ही पाहायला म्हणून गेलात, तरी दंशाची शक्यता गृहीत धरूनच जा. जवळचे प्रतिविष असलेले रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वी माहीत असू द्या. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नका. अंगठी-कडे काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि वाहन गाठा. साप पकडून डॉक्टरांना दाखवण्याची गरज नाही. लक्षणे आणि रक्ताची वीस मिनिटांची चाचणी त्यांना पुरेसे सांगतात.

पूर्वीइतके साप मिळतील का, याचे उत्तर जागेवर अवलंबून आहे. मी शेवटचा २०१६ मध्ये, कोणतेही काम नसताना, नुसता प्रवासी म्हणून गेलो. जिथे आम्ही सेवण गवतातून फिरत असू तिथे कालव्याचे पाणी आले आहे. आमच्या वेळी त्याला राजस्थान कालवा म्हणत, आता तो इंदिरा गांधी कालवा. शेती आली, तिच्याबरोबर उंदीर आले आणि उंदरांमागे साप आलेच. पण ते पाणथळ शेतातले साप, वाळूतले नव्हेत. विलायती बाभूळ माजली आहे. आणि डांबरी रस्ते. रात्री उबदार डांबरावर साप येऊन पडतात आणि गाड्या त्यांच्यावरून जातात. एका सकाळी वीसेक किलोमीटरमध्ये मी सात साप मोजले, त्यांतले दोन जिवंत होते. मरु राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला टेकड्यांवर मात्र पहाटेच्या खुणा अजून तशाच उमटतात.

तेव्हा जा, पण पहाटे जा, स्थानिक वाटाड्या आणि लागेल तिथली परवानगी घेऊन, आणि खुणा टिपा. खुणेशेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून, उजेड तिरपा असताना, वरून सरळ छायाचित्र घ्या आणि तिथेच वेळ, झुडूप, वारा पेन्सिलीने लिहा. सरावासाठी जैसलमेरपर्यंत जायलाही नको. तुमच्या वेदगंगा-दूधगंगेच्या काठी उन्हाळ्यात रेती उघडी पडते, तिथे दिवड आणि धामण यांच्या खुणा रोज सकाळी ताज्या मिळतील. गोठ्यामागे रात्री राख चाळून पसरून ठेवलीत, तर घराभोवती काय फिरते तेही दिसेल. आमच्या एका जांबोटीच्या पाहुण्यांनी असे केले, तेव्हा आठवडाभर घाबरवणारा साप म्हणजे कोंबडीच्या अंड्यांवर टपलेले मुंगूस निघाले.

राहिली वही. तिचे प्रत्येक पान सपाट ठेवून छायाचित्रे काढा, ऊन आणि दमट कपाट टाळा, आणि पुसट अक्षरांवरून स्वतः पेन फिरवू नका. एखाद्या ओळीत तारीख, गाव, वेळ आणि झुडूप यांची नावे असतील, तर ती नोंद आजही कामाची आहे. जोधपूरला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे मरु प्रादेशिक केंद्र आहे, त्यांना प्रती पाठवून विचारा. एकेका सापापुढे दीडशे ते एकशेऐंशीच्या दरम्यानचे आकडे दिसले तर ते सेंटिमीटर समजू नका, तेवढी लांब बांडी नसते. ते पोटावरच्या आडव्या खवल्यांची मोजदाद असावी. आकड्यांशेजारी गावाचे नाव नसून नुसते "आणून दिला" असे लिहिलेले असेल, तर चाळीस-पन्नासांचा हिशेबही तुम्हाला तिथेच सापडेल.

आणि आकड्याचे टोक बोटाने चाचपून पाहा. लोहाराकडून आलेला आकडा टोकाला धारदार असतो आणि सापाच्या बरगड्या दुखावतो. काम जाणणारा माणूस ते टोक कानशीने घासून गोल करून घेत असे. तुमच्या चुलत्यांनी ते केले होते का, एवढे मला अवश्य कळवा.